हरण्याच्या उडीबाबत आणि साहेबांच्या भिंतीबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपंचायत कार्यालय, बोरटेक,
ता. भातकुली, जि. अमरावती.

अर्जदार : सौ. कौशल्या केशवराव फरकाडे, धंदा फुलशेती, रा. बोरटेक, आपल्या सरकारी निवासस्थानाच्या मागचे वावर.

विषय : माझा हरण्या नावाचा कुत्रा सोमवार दि. १७ रोजी धरून न नेणेबाबत, व आपल्या निवासस्थानाच्या मागच्या भिंतीला एक फाटक पाडून देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाच्या नोटिसा दि. ४ नोव्हेंबर, २ डिसेंबर व ६ जानेवारी.
२) चौथी नोटीस दि. १० फेब्रुवारी, जी वाचून मी कामधंदा सोडून हा अर्ज लिहायला बसले.

महोदय,

उपरोक्त विषयाला हात घालण्याआधी सांगते की हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. मी सातवी पास आहे. पुढचे शिक्षण फुलांच्या पुड्या बांधायला जी रद्दी येते तिच्यातून झाले. कोर्टाच्या जाहिराती, टेंडरे, हरवले-सापडले, सगळे वाचून मग त्यात फुले बांधली. ‘सदरहू’ आणि ‘अन्वये’ मला तिथेच भेटले. आज बोरटेकमधल्या निम्म्या लोकांचे अर्ज मीच लिहून देते. तेव्हा कुणी वकिलाने बाईला चढवले आहे असे समजू नये. यात जे कडू लागेल ते माझेच आहे.

१. कुत्र्याची माहिती. नाव हरण्या, वय चार वर्षे, रंग तांबूस, नसबंदी झालेली, रेबीजची लस टोचलेली. आजपर्यंत कुणाला चावलेला नाही, माझ्या जावयाला सुद्धा नाही. काम : शेवंतीत घुसणारी रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाई, हाकलणे. एक एकरातला झेंडू आणि शेवंती त्याच्या भुंकण्यावर उभी आहे. खोड एकच. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तो कुंपणावरून उडी मारून शेजारचे ॲड. वसंतराव पांढरीपांडे यांच्या बागेत उतरायचा आणि जास्वंद तुडवत पुढे पसार व्हायचा. वसंतरावांनी तक्रार केली. तक्रार खरी होती. मी ती नाकारत नाही आणि कधी नाकारली नाही.

२. आता आपल्या नोटिसांबद्दल. तेव्हा माझे कुंपण तीन फुटांचे होते. पहिल्या नोटिशीत लिहिले होते, ‘उंची एक फुटाने वाढवून अनुपालन अहवाल सादर करावा.’ मी बांबू लावून चार फूट केले. हरण्या आठ दिवस खाली बसून बघत राहिला, नवव्या दिवशी गेला. दुसरी नोटीस : आणखी एक फूट. पाच केले. त्याला बारा दिवस लागले. तिसरी नोटीस : आणखी एक फूट. सहा केले. चौदाव्या दिवशी तो वरच्या काठावर पुढचे पाय टाकून, मागच्या पायांनी बांबू खरवडत, म्हातारा माणूस बाजेवर चढतो तसा चढला आणि गेला.

महोदय, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत उंच उडीची दांडी अशीच चढवतात. आधी खाली, मग थोडी वर, मग आणखी थोडी. पहिल्याच दिवशी सहा फूट असते तर हरण्याने वर पाहून जांभई दिली असती. त्याला फूट-फूट करून शिकवणारे कार्यालय आपले आहे. मी फक्त बांबू रोवले. सरावासाठी लागणारी मधली सुटी सुद्धा आपल्याच कार्यालयाने टपालाने दिली.

माझीही चूक लिहिते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी आहे. शेणखताचा ढीग मी कुंपणाला लागूनच घातला होता. कुंपण वर गेले, पण त्याच्या बाजूने ढीगही वर जात होता. हे माझ्या डोक्यात यायला अडीच महिने लागले. त्याच्या डोक्यात पहिल्याच दिवशी आले असावे.

३. ‘कुत्रा बांधून ठेवावा’ असा सल्ला आपल्या कार्यालयातून तोंडी मिळाला. तोही केला. पहिला दोर त्याने खाल्ला. साखळी लावली तर चार दहाला असा गळा काढायचा की रस्त्यावरचे लोक थांबून विचारायचे, बाई, घरात कोण गेलं? त्याच आठवड्यात रोह्यांच्या कळपाने शेवंतीचे दोन ताटवे साफ केले, कारण हाकलणारा साखळीला होता. शेवटी खुद्द तक्रारदार वसंतराव चप्पल न घालता कुंपणाशी आले आणि म्हणाले, ‘‘कौशल्याबाई, सोडा हो त्याला. हे गाणं ऐकण्यापेक्षा उडी परवडली.’’

४. मग मी नोटीस बाजूला ठेवली आणि स्वतः दोन दिवस दुपारी बसून कुत्र्याकडे पाहिले. हे आधीच कुणीतरी करायला पाहिजे होते. जे दिसले ते लिहिते, म्हणजे गावातल्या बाकी कुत्रेवाल्यांच्या कामी येईल. कुत्रा सहा फूट उडत नाही. तो अर्धे उडतो आणि अर्धे चढतो. वरच्या काठावर पाय टेकला नाही तर तो खाली येतो. म्हणून मी कुंपणाच्या माथ्यावर तार ताणली आणि बोअरचा जुना प्लास्टिकचा पाइप तिच्यात ओवून सैल सोडला. पाय टेकला की पाइप गरकन फिरतो. शेणखताचा ढीग पलीकडे नेला. डुकरे अडवायला वावराभोवती बांधतात तसल्या जुन्या साड्या कुंपणाला आडव्या बांधल्या, म्हणजे पलीकडचे दिसू नये. आणि सकाळी केशवराव फुले घेऊन सायकलने फाट्यावर जातात, त्यांच्यामागे त्याला पळवत पाठवायला लागले. दमलेला कुत्रा निम्मा शहाणा होतो हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. माणसांवर अजून करून पाहिले नाही.

दि. २७ जानेवारीला पाइप बसला. २८ तारखेला हरण्याने तीनदा उडी मारली, तीनदा घसरला, आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला बाजारात विकले. त्यानंतर आजपर्यंत एकही उडी नाही. प्रश्न मिटला असे मी समजले.

५. इथून पुढचा भाग आपण बसून वाचावा.

दि. ३० जानेवारी रोजी दुपारी साडेचार वाजता एक बाई माझ्या वावरात आल्या. वय पंचाहत्तरच्या वर, नऊवारी लुगडे, हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकर. अमरावतीच्या डांबरी रस्त्याने, ट्रकच्या बाजूने, उन्हात चालत आल्या होत्या. आल्या आल्या मला विचारले, ‘‘तुयाच कुत्रा हाये का वो तो तांबडा? तीन दिस झाले आला नाई. मेला का जित्ता आहे?’’

हरण्या त्यांना पाहून शेवंतीच्या वरून उडी मारून आला. शेवंतीला मी पाइप लावलेला नाही.

महोदय, त्या आपल्या मातोश्री माणिकबाई होत्या.

६. वस्तुस्थिती अशी निघाली. हरण्या वसंतरावांच्या बागेत जायचाच नाही. त्यांची बाग हा फक्त रस्ता होता. आपल्या निवासस्थानाची भिंत माझ्या वावराला लागून आहे, पण ती आठ फुटांची आहे. म्हणून तो आधी माझ्या कुंपणावरून वसंतरावांकडे, आणि तिथून मधल्या ठेंगण्या भिंतीवरून आपल्या अंगणात उतरायचा. चार वाजता आपण कार्यालयात असता, सूनबाई शाळेत शिकवायला असतात, आणि माणिकबाई अंगणात भाकर घेऊन बसलेल्या असतात. त्यांनी त्याला परत चढता यावे म्हणून भिंतीशी एक जुने स्टूलही लावून ठेवले होते. म्हणजे तीन महिने मी कुंपण वाढवत होते आणि आपल्या घरातून जिना लावला जात होता. अनुपालन अहवाल कुणाचा मागायचा ते आपणच ठरवा.

मी त्यांना म्हटले, माय, तुम्ही साहेबांना सांगितलं काहून नाही? त्या म्हणाल्या, ‘‘सांगतलं ना. तो मोबाइलात पाहून ‘हं’ म्हणे. मी म्हटलं हो म्हणून राहिला.’’

७. यावर मी म्हणाले असते, ठीक आहे, माय एकदा आल्या, कुत्रा पाहून गेल्या. पण त्या गेल्या नाहीत. अंजनगावला त्यांचा पानमळा होता, हातांना कामाची सवय आहे. माझ्याजवळ बसून झेंडूचे हार ओवायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी घरून सुई घेऊन आल्या. थोडक्यात, कुत्रा थांबला आणि आपल्या मातोश्री सुरू झाल्या. रोज चार वाजता निघतात, घरी ‘देवळात जाते’ म्हणून सांगतात. मी त्यांना कुंपण घालू शकत नाही आणि पाइपही लावू शकत नाही. हार माझ्यापेक्षा घट्ट ओवतात आणि माझ्या हाराला नावे ठेवतात. मला त्यांच्या येण्याचा आनंदच आहे. भीती त्या रस्त्याची आहे. मागच्या गुरुवारी एका टिप्परवाल्याने हॉर्न वाजवला तर त्यांनी त्याला काठी दाखवून थांबवले आणि वर त्याच्या आईची चौकशी केली. हे रोज चालणार नाही.

त्या बसतात तेव्हा बोलतात. त्यामुळे आपल्याबद्दल मला आता बरेच काही माहीत झाले आहे. ते इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. फक्त एकच लिहीन, आणि ते शेवटी लिहीन.

८. अशा परिस्थितीत दि. १० फेब्रुवारीला चौथी नोटीस आली. उडी थांबून चौदा दिवस झाल्यावर. लिहिले आहे, ‘वारंवार सूचना देऊनही सुधारणा न झाल्याने सदर श्वान दि. १७ रोजी ताब्यात घेण्यात येईल.’ नोटीस घेऊन आपले शिपाई नत्थुजी आले होते. मी त्यांना पाइप दाखवला, फिरवून दाखवला. ते म्हणाले, ‘‘बाई, मले पटलं. पण साहेबाची सही होऊन गेली. आता कुत्रं उडो का न उडो, सोमवारी गाडी येईन. सेमाडोहकडं सोडून देतीन म्हणतात.’’

महोदय, सेमाडोहच्या जंगलात वाघ आहे. लोक तो पाहायला अमरावतीहून आणि अकोल्याहून जीप करून जातात. हरण्याला तशी हौस नाही. शिवाय पाळलेला, लस टोचलेला कुत्रा जंगलात नेऊन सोडणे कोणत्या नियमात बसते, ते मला लेखी कळवावे. मी तो कागद पुडीला वापरणार नाही, जपून ठेवीन. आणि नत्थुजींवर रागावू नये. त्यांनी पाइप फिरवून पाहिला, एवढे तरी केले. आपण तेवढेही केले नाही, सही केली.

ही नोटीस मी माणिकबाईंना वाचून दाखवली. खालची सही कुणाची ते त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी हातातला अर्धा हार ओवून पुरा केला, आणि मग जे बोलल्या ते मी शब्दशः लिहिते, कारण त्यांनीच ‘हे लिय’ म्हणून सांगितले आहे :

‘‘हा चौथीत होता तवा शाळेच्या कुंपणावरून उडी मारून मधल्या सुट्टीत घरी येत जाय. रोज. मास्तर म्हणे बाई, कुंपण वाढवतो. मी म्हटलं, गुरुजी, कुंपण नोका वाढवू. एक डाव त्याले इचारा तर, तू जाते काहून? तर मास्तरानं इचारलं. हा म्हणे, मले माझ्या मायले पाह्याचं रायते. मंग मास्तरानं कुंपणाची दोन काटकं काढून वाट करून देली. घंटा झाली का जाय, घंटा झाली का ये. एक दिस शाळा बुडाली नाई त्याची.’’

महोदय, चौथीत आपण उडी मारून जिच्याकडे जात होता, माझा कुत्रा उडी मारून तिच्याकडेच जात होता. मला याहून जास्त कायदा येत नाही.

तरी माझ्या मागण्या अशा :

(अ) दि. १० ची नोटीस रद्द करावी व सोमवारी गाडी पाठवू नये. पाठवल्यास हरण्या तिला वावरात सापडेल, माणिकबाईंच्या मांडीशी बसलेला. त्यांनी तसे मला बजावून सांगितले आहे. त्यांना कसे उठवायचे ते आपण आधीच गाडीवाल्यांना सांगून ठेवावे.

(आ) आपल्या निवासस्थानाच्या भिंतीत, माझ्या वावराच्या बाजूने, एक माणूस व एक कुत्रा जाईल एवढे फाटक पाडावे. सरकारी भिंत असल्याने परवानगी लागेल. परवानगी देणारे अधिकारी आपणच आहात, त्यामुळे फाइल फार लांब जाणार नाही. फाटक मी बसवून देते, कडी आपल्या बाजूला राहील. म्हणजे माणिकबाईंना डांबरी रस्ता नको, हरण्याला उडी नको आणि वसंतरावांच्या जास्वंदीला धक्का नको.

(इ) पुढच्या वेळी कुणाचा कुत्रा कुंपण ओलांडत असेल तर नोटिशीत ‘उंची वाढवावी’ लिहिण्याआधी ‘तो कुठे जातो ते पाहावे’ असे एक वाक्य घालावे. फॉर्म छापलेला असेल तर मी हाताने लिहून देईन.

माझा शब्द कुठे जास्त झाला असेल तर तो तसाच ठेवावा, मी विचार करून लिहिला आहे.

कळावे, आणि या वेळी खरेच कळावे.

आपली, जमेल तितकी नम्र,
(सही) कौशल्या केशवराव फरकाडे
अर्जदार क्र. १

स्थळ : बोरटेक
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) हरण्याचा लसीकरण व नसबंदीचा दाखला.
२) फिरत्या पाइपचा वीतभर नमुना. मधून बोट घालून स्वतः फिरवून पाहावा.
३) तक्रारदार ॲड. वसंतराव पांढरीपांडे यांचे ना-हरकत पत्र. त्यात ते लिहितात : ‘माझी तक्रार कुत्र्याच्या येण्याविषयी होती, त्याला नेण्याविषयी नव्हती. शिवाय तो चार दहाला यायचा, त्यावरून मी चहा ठेवायचो. सध्या चहाची वेळ चुकते.’
४) अर्जदार क्र. २ यांचे निवेदन, त्यांनी सांगितले तसे माझ्या अक्षरात, खाली त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा :

‘‘पोट्ट्या, मी देवळात जात नाई, कौशल्याच्या वावरात जाते. खोटं बोलली, ते माफ कर. आता तू बी एक काम कर. कागदावर सही करून घरी ये. मोबाइल पाहून ‘हं’ म्हणशीन तर चालणार नाई, सही पाह्यजे. सही दिसली का मंग तुले भाकर वाढीन. तोवर तुयी भाकर हरण्या खाईन.
माणिकबाई, तुयी माय, अर्जदार क्र. २.’’