दूध संस्थेत टोपीवाला

मु. पो. माकणी,
जुलै १९८७

आदरणीय दाजी,

कोंडीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काला म्हणावं, तिळाच्या तेलानं चोळत जा. (तिकडं अमेरिकेत तीळ मिळत नसतील तर नुसतं चोळत जा.)

शिमग्याच्या सुमारास तुमच्या दोस्ताच्या हाती तुम्ही धाडलेली गाण्यांची व्हिडिओ कॅसेट मिळाली. तुमचा आवडता गायक आहे, फावल्या वेळात बघा, असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं. पण दाजी, त्या माणसानं इथं काय करून ठेवलं हे तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

यंदा दुष्काळानं आमच्या दूध संस्थेचं कंबरडंच मोडलं. कडबा संपला, लोक गाई बाजाराला न्यायला निघाले. गाईच गेल्या तर दूध संस्था कशाची? चेअरमन आण्णासाहेबांनी सभासदांची सभा बोलावली, ती माणसं न आल्यामुळं तहकूब झाली. पुन्हा बोलावली, पुन्हा तेच. (दुसऱ्या वेळी मी, आण्णासाहेब आणि सावलीला आलेलं एक कुत्रं.) मी पडलो संस्थेचा सचिव, बोलणी मलाच. ती चुकवायला म्हणून आण्णासाहेबांना कॅसेट दाखवली. कव्हरावर मोठ्या टोपीचा गिटारवाला, त्याच्या मागं गाई. आण्णासाहेबांना गिटारवाला दिसलाच नाही. गावात दवंडी फिरली, अमेरिकेच्या गाई बघायला संस्थेत या.

नळदुर्गहून व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणला. भर दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला. गाव लोटलं. चित्र आलं ते काळंपांढरं. (व्हिडिओवाला म्हणाला, अमेरिकेची कॅसेट आपल्याकडं रंग सोडते. जणू लुगडंच.) पहिल्या गाण्यात टोपीवाला घोड्याची समजूत घालत होता, दुसऱ्यात ट्रकची. लोक चुळबुळायला लागले. तिसऱ्यात कुंपणापलीकडून एक गाय गेली आणि सगळं गाव उठून उभं राहिलं.

"गडी मरू द्या, गाय माघारी फिरवा!" गुंडप्पा ओरडला.

गाय इतक्यांदा माघारी फिरली की ते इंग्रजी गाणं आता गुंडप्पाला पाठ आहे. (अर्थ विचारू नका.) शेवटी तिला पडद्यावर थांबवलं आणि धारेला किती देत असेल यावर भांडण लागलं.

मग एक गाणं असं लागलं की भांडणच थांबलं. भेगाळलेली जमीन, थांबलेली पवनचक्की, आणि टोपीवाला मान खाली घालून एका हाडकुळ्या गाईला बाजाराला नेतोय. केशरबाईची एकुलती गाय त्याच आठवड्यात बाजाराला जायची होती. तिनं पदर तोंडाला लावला. "अगं माय, ह्येंच्याकडं बी पाऊस न्हाय का?"

आणि वीज गेली.

एरवी माणसं घराकडं पांगली असती. पण त्या गाईचं पुढं काय झालं हे कळल्याबिगर कोण उठतंय? आण्णासाहेबांनी दारात खुर्ची टाकली आणि अंधारातच सभा सुरू केली. वीरप्पांच्या विहिरीला पाणी आहे, पण ते कुणाला घोटभर देत नाहीत हे तुम्ही जाणताच. तेच अंधारातून म्हणाले, "बाजारला नेऊ नगा. माझ्या विहिरीवर आणून बांधा समदी जनावरं." (दिवा असता तर बोलले नसते, असं त्यांच्या घरच्या शरणम्मा म्हणतात.) साखर कारखान्यावरून चाऱ्याला उसाचे वाढे संस्थेनं आणायचे, असाही ठराव झाला. वीज आल्यावर कॅसेट पुढं चालली, तर टोपीवाला गाय न विकताच घरी परतला. टाळ्या पडल्या, त्या कुणाला ते सांगता येत नाही.

दाजी, मागच्या आठवड्यात पाऊस झाला. संस्थेची एकही गाय विकली गेली नाही. केशरबाईची तर व्याली. तुमचे उपकार गाव विसरणार नाही. तो टोपीवाला कुठं भेटला तर त्यालाही आमचा रामराम सांगा.

तुमचा मेहुणा,
कोंडीराम

ता. क. : कॅसेट संस्थेच्या कपाटात कुलपात आहे. परत मागू नका. आण्णासाहेब म्हणतात, पुढच्या सभेला लागेल.

आणखी एक ता. क. : मायनं पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, मुद्द्याचं तर लिहिलंच न्हाईस. शेवटच्या गाण्यात टोपीवाला हजारो माणसांपुढं गातो, तेव्हा माय पुढं सरकून टीव्हीला नाक लावून बसली होती. मला वाटलं, गाणं आवडलं. ती त्या गर्दीत अक्काला शोधत होती. कडेला एक काळ्या केसांची होती, ती आपली तुळजाच, असं अजून म्हणते. मी न्हाय म्हणालो नाही. तर दाजी, तिकडं कॅमेरा मिळत असेल तर अक्काची एक कॅसेट काढून पाठवा. गाणं नको. घरात इकडून तिकडं नुसती चालली तरी मायला पुरे.