गुलबक्षीवरचा पाहुणा

१० एप्रिल १९८३, सनाबिस, आखात
लिही गं शोभा. सून आहेस, मास्तरीण नव्हेस. माझी वाक्यं सुधारू नकोस. मला अक्षर येत नाही, पण गाळलंस तर कळतं.
तिन्हीसांजेला गुलबक्षी उमलली. डालड्याच्या डब्यात, गावचं बी. तिच्यावर काहीतरी आलं. करडं, फुलासमोर अधांतरी. मिनू ओरडली, "आजी, हमिंगबर्ड!" नात कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलली, तेही इंग्रजी.

११ एप्रिल
मिनूने शाळेतून पुस्तक आणलंन. त्यात हमिंगबर्डांतला सगळ्यात थोरला. वीतभर, मातकट. राहतो पार अमेरिकेखालच्या डोंगरांत. म्हटलं, "मग इथला व्हिसा कोणी दिला?"
"आजी, इट हॅज विंग्ज!"
पण चटईवर सरकून बसली. अंधार होईपर्यंत.

१३ एप्रिल
शोभाने पुस्तक वाचून सांगितलं: थोरल्याचे पंख सावकाश, हलताना दिसतात. आमच्या पाहुण्याचे दिसतच नाहीत, नुसता धूर. शिवाय जाताना चोच गुंडाळून गेला. चोच कोण गुंडाळतं?
गावी गुलबक्षीवर हाच यायचा. दिव्यावरच्या पतंगाचा दांडगा भाऊ. पक्षी कसला!
बोलले नाही. मिनूचं डोकं मांडीवर होतं. हे लिहू नकोस.
लिहिलंस? बरं.

१५ एप्रिल, शुक्रवार
माझा मधू तुबली गावातल्या गॅरेजात कामाला, त्याला शुक्रवारची सुट्टी. जेवताना मिनू बापाला म्हणाली, उद्या वर्गात सांगणार, जगातला सगळ्यात मोठा हमिंगबर्ड आमच्याकडे येतो. मधू हसला, "यल्ला, चल, टीव्हीवर पण सांग."
मी ताट बाजूला सारलं. गप्प राहिले तर पोरं तिला हसतील. सांगितलं तर... पतंगासाठी कोण बसतंय म्हातारीजवळ?
दुपारभर येरझाऱ्या. शोभा म्हणते, "आई, फरशी झिजेल." झिजू दे, भाड्याची आहे.
संध्याकाळी पाहुणा आला. विचारलं, "मिनू, तुझा थोरला पंख कसे मारतो गं?" तिने हात पसरून दाखवले, सावकाश. मग फुलाकडे बघितलं. हात तसेच राहिले.
"आता चोच बघ."
बघितलीन. मग चक्क मराठीत, "आजी, तुला माहीत होतं?"
"होतं."
उठून खोलीत गेली. दार लावलंन.

१६ एप्रिल
शाळेतून आली. वर्गात काय झालं, सांगितलं नाही.  पुस्तक मात्र परत केलेलं नाही, दप्तरात दिसलं.
फुलं उमलायला अवकाश आहे. चटई मी आताच घातली, दोघींपुरती. सारखी उठते, बसते. शोभा, लिहायचं थांब जरा, दाराची कडी वाजली का गं—