छप्पन्न अंश, चार तास

३ मार्च
ढेकूण! आमच्या घरात! सकाळी उशीच्या शिवणीत सापडला, चांगला टरारून फुगलेला — माझ्याच रक्तावर. नवरा म्हणाला, "एकच तर आहे." एकटा ढेकूण कधी कुणी पाहिलाय?

आणि आत्ताच कसे आले? नणंद दोन आठवड्यांपूर्वी सासर कायमचं सोडून इकडे आली — तीन बॅगा घेऊन. हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. मी तिला काही बोलले नाही. इथे लिहिते, तेवढंच.

४ मार्च
बोलले. "तुझ्या बॅगांतूनच आले असणार."

ती म्हणाली, "वहिनी, मला तर एकही चावला नाही गं."

"सवय झाली असेल!" म्हटलं. जरा जास्तच झालं, पण तोंडातून गेलं ते गेलं. दोन बॅगा तिने स्वतःच उन्हात नेऊन रिकाम्या केल्या. तिसरी, कापडी, मी काळ्या प्लास्टिकमध्ये घातली आणि करकचून गाठ मारून गॅलरीच्या कोपऱ्यात ढकलली. आत काय आहे ते विचारलंही नाही.

६ मार्च
नवरा खरेदी विभागात. टाचणी घ्यायची तरी तीन कोटेशनं मागवतो. औषधाला हल्लीचे ढेकूण दाद देत नाहीत, उष्णताच हवी, असं त्याने जाहीर केलं आणि तक्ता आखला. उभे रकाने: वाफेचं मशीन, खोलीतले हीटर, तापपेटी, कंपनीची मोठी भट्टी. आडवे: तापमान, वेळ, वीज, आवाज, शेरा. "पन्नासच्या वर नेऊन तसंच धरून ठेवलं की अंडीसुद्धा मरतात!" — इतका खुश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

तक्ता पूर्ण होईपर्यंत ढेकणांची दोन जेवणं उरकली.

९ मार्च
वाफेचं मशीन शेजारणीकडून आणलं. नळीच्या तोंडाशी शंभर अंश, वीतभर पुढे नुसती दमट हवा. समोर आला तो मेला, आत दडला तो वाचला. गादी मात्र ओलीचिंब. तक्त्यात शेरा: "मर्यादित यश."

११ मार्च
दोन हीटर, दार बंद, फटींत टॉवेल. तीन तासांनी खोलीत एकेचाळीस! मग प्लग वितळायला लागला, म्हणून गुंडाळलं. ढेकणांना तेवढीच हवापालट. नणंद खुदकन हसली. मीही हसणार होते, पण राग धरलेला ना.

संध्याकाळी कळलं — तिने वसतिगृहात जागा बघितलीय. एका खोलीत चौघी. वीस तारखेला जाणार. भावाला सांगितलं, मला नाही.

१४ मार्च
तापपेटी आली. घडीची, कपाटाएवढी, खाली तापणारी जाळी. कपडे, चपला, पुस्तकं — सगळं छप्पन्न अंश, चार तास. नणंदच सांभाळते. मधूनमधून आतलं खालीवर करते, तापमान बघते. माझ्यापेक्षा बरं जमतं तिला.

"वहिनी, तुझं अजून काही राहिलंय?"

"नाही."

ही वही कुलपात. देणार कशी? तिच्याबद्दलच तर लिहिलंय सगळं!

१५ मार्च
लिहिता लिहिता पानावरून एक चालत गेला. धीट झालेत मेले.

१६ मार्च
आज मोठी भट्टी, म्हणजे अख्खी खोलीच तापवायची. कंपनीच्या मशीनवाल्याने दोन धिप्पाड पंखे लावले, कोपऱ्याकोपऱ्यात तापमापक. "ताई, खोलीतलं काही बाहेर काढायचं नाही हं." मी मान डोलावली. माझं लिहायचं टेबल तो यायच्या आधीच गॅलरीत नेलं होतं. पॉलिश गेलं असतं की! हौसेने घेतलंय मागच्या महिन्यात. घरी सांगितलं, नवं. खरं तर बंद पडलेल्या एका लॉजच्या सामानातलं. पण खणाला कुलूप होतं, आणि मला तेच हवं होतं.

खोली सत्तावन्नावर गेली. नवऱ्याने तक्त्यात हिरवी खूण केली.

१८ मार्च
तीन नवे चट्टे. उजव्या मनगटावर.

मशीनवाल्याला फोन केला. त्याने एकच विचारलं, "बाहेर काय ठेवलं होतं, ताई?"

टेबलाचा खण पूर्ण ओढून काढला. मागच्या फळीला काळे ठिपके, या वहीच्या शिवणीत अंडी. कुटुंबच्या कुटुंब नांदतंय! लॉजचं टेबल. नणंद यायच्या दहा दिवस आधी आलेलं.

मीच आणले. मी!! आणि तिला म्हटलं, सवय झाली असेल. लाज वाटते लिहायला. तिच्या बॅगा भरून दाराशी उभ्या आहेत. तिच्यासमोर दोनदा जाऊन उभी राहिले आणि दोन्ही वेळा विचारलं, "चहा घेणार?"

१९ मार्च
तोंडाने जमणार नाही. वही तिच्याच हातात देते — पेटीत घाल, आणि आधी वाच म्हणून.

२० मार्च
वही परत आली, अजून कोमट. दाराशी बॅगा नाहीत, माळ्यावर गेल्यात. ती भावाला घेऊन टेबल पेटीत मावतं का ते मोजतेय.

तीन तारखेच्या पानावर तिने पेन्सिलने एवढीच दुरुस्ती केलीय: "माझ्या बॅगा दोनच. तिसरी तुझ्यासाठी आणली होती."

गॅलरीत बसलेय. काळ्या प्लास्टिकची गाठ मीच मारलेली — सुटता सुटत नाहीये.