बिननशेची हळद

सापगाव

प्रिय दिपेशदादा,

तू माझ्या लग्नाला येणार नाहीस, हे मला वहिनीच्या फोनवरून कळलं. तुझ्या तोंडून कळायला हवं होतं. मी रागावले आहे, पण कारण ठाऊक आहे म्हणून भांडत नाही. गेल्या वर्षी नथूकाकांच्या मितालीच्या हळदीला तू आलास, तेव्हा तुला दारू सोडून तीन महिने झाले होते. काकांनी "एवढाच घे रे, पोरीचा मान हाय" म्हणत ग्लास तुझ्या हातात कोंबला. पुढचा सगळा पावसाळा वहिनीने कसा काढला, ते तुला मी सांगायला नको.

म्हणून मी ठरवलंय, माझ्या हळदीला आणि लग्नाला दारूचा थेंब येणार नाही. बाबा ओट्यावरूनच ओरडले, "हळद हाय का दहावं?" मी म्हटलं, तसं वाटत असेल तर नोंदणी करून मोकळी होते, तुमचे पाहुणे तुम्ही सांभाळा. प्रणितने मुरबाडहून फोनवर मधला मार्ग सुचवला, कमी नशेची बियर आणू, म्हणजे कुणी रुसणार नाही. भांडण मिटवण्यात नवरदेव पटाईत आहेत! पण थोडीही नको, असं मी त्यालाही बजावलं. शेवटी आसनगावच्या दुकानातून बिननशेची बियर आणली. दुकानदार हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आता लय जाते ताई. गाडी चालवणारे नेतात, जिमवाली पोरं नेतात." चव बघायला पहिली बाटली नथूकाकांपुढे ठेवली. त्यांनी ती संपवून दुसरी मागितली आणि म्हणाले, "कडू हाय, गार हाय, फेस हाय. मंग नाय काय?" सकाळी डोकं दुखलं नाही, म्हणून बिचारे बाटलीवरच संशय घेत बसले.

माझा बेत असा होता की तुझ्याही हातात तीच बाटली द्यायची, म्हणजे कुणी आग्रह करायला येणार नाही. वहिनीने तो एका वाक्यात मोडला. चव तीच, वास तोच, व्यसनमुक्ती केंद्रातल्या ताईंनी तुला तीसुद्धा बंद सांगितली आहे. एवढी खटपट पाण्यात गेली म्हणून मी अर्धा दिवस तोंड फुगवून होते. मग कळलं, बाटल्या तुझ्यासाठी नकोतच, त्या बाकीच्यांसाठी हव्यात. त्या मागच्या आंब्याखाली राहतील, ज्याला हौस आहे त्याने तिकडे जावं. मांडवात सगळ्यांना कोकम सरबत, आणि आई आत्ताच आमसुलं निवडायला बसली आहे. पाहुण्यांच्या गाड्यांच्या डिकीत काय आहे ते बघायला फाटकावर कोण बसणार, माहीत आहे? नथूकाका. आम्ही सांगितलं नव्हतं. तुझं नाव त्यांनी काढलं नाही, पण मितालीच्या हळदीपासून ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत. दादा, त्यांना खूप लागलंय रे.

आता मुद्द्याचं. काल बाबा म्हणाले, दिपेश नाय तर नाय, कानपिळीला हर्षितला उभा करू, चुलत असला तरी तोही भाऊच की. मी साफ नाही म्हटलं. मला सख्खा भाऊ आहे आणि तो जिवंत आहे. भटजींनाही सांगून ठेवलंय, तू मांडवात येऊन प्रणितचा कान पिळल्याशिवाय पुढचा विधी होणार नाही. सगळी वऱ्हाडी मंडळी ताटकळली तरी मी जागची उठणार नाही. मी किती हट्टी आहे ते तुला माहीत आहे, तेव्हा किती वेळ बसवून ठेवायचं ते तू ठरव.

तुझी वाट बघणारी, तुझीच
कुणाली