खालच्या पट्टीची ओटी

प्रिय अक्का,

शरणु.

उद्या येळवस, अवसेला रानाला जेवू घालायचा दिवस. आंबिलीचा बिंदगा घासून पालथा घातलाय, भज्जीसाठी शेंगा सोलून झाल्यात, पातीचा कांदा धुऊन टोपलीत ठेवलाय. तुमच्या महादेवची बायको म्हणाली, काकू, आता जरा टेका. टेकले, तर तुमची आठवणच मांडीवर येऊन बसली. मग तुमच्या नातीकडून कागद मागून घेतला.

तुम्ही हसाल. "तुझी मराठी अक्षरं मला मुंग्यावानी दिसतात गिरजा," असं तुम्ही म्हणायचात. कन्नडी तेवढी यायची तुम्हाला. मला मराठी, तीही पोरांच्या पाटीवरून उचललेली. बसच्या कन्नडी पाट्या तुम्ही मला शिकवल्या आणि मराठी पेपर मी तुम्हाला वाचून दाखवायची. दोघी जावांनी मिळून एक शिकलेली बाई केली होती! म्हणून हे पत्रही तुम्ही वाचायचं नाही. उद्या रानातल्या खालच्या पट्टीत तुमच्या समाधीशी बसून मीच वाचणार. तुम्ही नुसतं हूं म्हणा.

एक गोष्ट तुम्हाला विचारल्याशिवाय करवत नाही. उद्या त्या पट्टीची ओटी भरू का नको?

आठवते का अक्का, माझी या घरातली पहिली येळवस? मी उदगीरकडून आलेली, घरातलं कन्नड कानावरून वाऱ्यासारखं जायचं. तुम्ही डोक्यावर बिंदगा घेतला, मी भाकरीची डाल घेतली आणि खालच्या पट्टीत आलो. ज्वारी अशी की दोन तासांपलीकडचं, दोन ओळींपलीकडचं माणूस दिसत नव्हतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, आत चुना लावलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून. मी विचारलं, जमिनीला जेवायला कशाला घालायचं?

"पोटुशी हाय ती," तुम्ही म्हणालात. "पोटुशीला डोहाळे लागत न्हाईत व्हय?"

आणि माझा हात धरून ज्वारीच्या ताटावर ठेवलात. पोटरी आली होती. पानांच्या आत कणीस फुगलेलं, बोटांना लागत होतं. मग तुम्ही रानाची ओटी भरलीत, खण, नारळ, मूठभर गहू. आणि मागं वळून उरलेले गहू माझ्या पदरात टाकलेत. मी लाजून पाणी पाणी झाले. मला दिवस गेलेत हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, तुमच्या दिरालासुद्धा नाही.

तुम्हाला कसं कळलं, म्हणून मागून विचारलं, तर म्हणालात, "पोट दिसंना का. बाईला बाई वळखते."

हे वाक्य मी जपून ठेवलंय. ते का, पुढं सांगते.

तर ती ज्वारी. ती गेली कशी, हे आज लोक विचारतात आणि एकमेकांकडं बोट दाखवतात. कुणी सरकारकडं, कुणी दुकानदाराकडं. मी म्हणते, आमच्या घरातून ती आमच्या अक्कानं घालवली. रागावू नका. खरं तेच सांगायलेय.

ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. वाकून वाकून कंबर जायची, हात सोलून निघायचे. रात्री आपण दोघी हाताला तेल-हळद लावून बसायचो आणि सकाळी त्याच हातांनी भाकरी थापायची. गावात सोयाबीन आलं तेव्हा पुरुष माणसं अजून कुरकुर करत होती. तुम्ही ओसरीवर उभं राहून थोरल्या भावजींना सुनावलंत, "एक वरीस तुमी उपटा. मग पेरा ज्वारी, खुशाल पेरा." पुढच्या मिरगाला सोयाबीन आलं.

सोयाबीननं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. घरावर स्लॅब पडला तो त्याच्यावर. महादेव शिकला, माझी मुलगी बिदरला कॉलेजात गेली. आपले हात मऊ झाले. पहिल्या वर्षी तुम्ही तळहात उलटेसुलटे करून बघत होतात आणि म्हणत होतात, बघ, बामनिणीवानी झाल्यात!

पण माळेतला एक मणी ओघळला की बाकीचे कुठं थांबतात? ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा नाही म्हणून बैल गेले, मग म्हैस. जनावर नाही म्हणून शेण नाही, उकिरडा नाही, रानात खत नाही. ट्रॅक्टरला वळायला अडतंय म्हणून बांधावरच्या बोरी गेल्या. बोरी गेल्या तशा बांध गेले. पूर्वी पाऊस रानात पाहुण्यासारखा राहायचा, दोन दिवस मुक्काम करायचा. आता आला की माती काखोटीला मारून चालता होतो. आणि येतोही कसा! जूनभर तोंड दाखवत नाही आणि दसऱ्याला घरात शिरतो.

हे सगळं एकदम झालं नाही. म्हणून तर कळलं नाही. केस पांढरे होतात तसं झालं.

तुमची शेवटची येळवस मला विसरता येत नाही. कोपीला कडबा नव्हता. महादेवनं स्प्रिंकलरचे पाइप उभे केले, वर रोपांना घालतात ती हिरवी जाळी टाकली. पाच ताटं हवीत म्हणून शेजारच्या गावातून मक्याची आणली. तुम्ही आत बसलात, वर बघितलंत, मक्याकडं बघितलंत. म्हणालात, "पांडवांनी वनवासात बी असलं घर बघितलं नसंल." सगळे हसले. महादेवही हसला. पण ओटी भरायची वेळ आली तेव्हा तुम्ही खण परत पिशवीत ठेवलात.

मी खुणेनं विचारलं, तर हळूच म्हणालात, "सोयाबीन काढून न्हेलंय, रान मोकळं हाय. बाळंतीण हाय ती गिरजा. बाळंतिणीला निजू द्यावं, ओटी कशाला भरता?"

आंबीलही दुकानातून आणलेल्या ज्वारीची होती. रानाची ज्वारी काढून घ्यायची आणि बाजारातून आणून त्यालाच पाजायची! तुम्ही चार कोपऱ्यांना ती शिंपडलीत, "वलगे वलगे" ही येळवशीची हाक दिलीत, पण आवाज घरात बोलल्यासारखा. पूर्वी तुमची हाक तीन रानांपलीकडं जायची आणि तिकडून कुणीतरी उलट हाक द्यायचं.

पुढच्या पावसाळ्याआधी तुम्ही गेलात. आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला खालच्या पट्टीतच माती दिली, भावजींच्या शेजारी. ओटीचा मान माझ्याकडं आला. गेल्या येळवशीला मी खण घेऊन गेले. रान मोकळंच. महादेवची बायको म्हणाली, काकू, रीत म्हणून भरा की. माझा हात उठला नाही. खण तसाच घरी आणून खुंटीला अडकवला. वर्षभर जाता-येता तो माझ्याकडं बघत होता.

आणि या वर्षी काय झालं ते तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तर पुराच्या पोटातच होता. सोयाबीन शेंगांनी लगडलं होतं. आठ दिवसांत काढायचं म्हणून मशीन सांगून ठेवलं होतं. आणि पाऊस बसला. उघडायचं नावच नाही. उभ्या झाडावर शेंगांमध्ये कोंब फुटले अक्का! धान्याला वाटलं आपण मातीत आहोत. असलं मी जन्मात बघितलं नव्हतं. खालच्या पट्टीत तर ओढाच शिरला. तुमच्या समाधीचा दगड तेवढा वर, मग तोही दिसेना. मी बांधावर उभी राहून तिकडंच बघत होते. महादेव म्हणाला, घरी चला. मी म्हणाले, तुझ्या आईला पोहायला येत नाही रे. वेड्यासारखं बोलले. पण तोही मग तिथून हलला नाही.

पाणी उतरलं तेव्हा दगड जागेवर होता, चिखलानं माखलेला. मी धुतला, विभूती लावली. पट्टीतलं सोयाबीन काळं पडून कुजलं होतं.

अशात तुमच्या माहेराहून, दुबलगुंडीहून तुमची भाचसून नीलम्मा भेटायला आली. महादेव तिला सांगत होता की सगळ्या रानात आता हरभरा टाकतो. मी मध्येच म्हणाले, खालची पट्टी ज्वारीला ठेव. तिथं ओल लई दिवस टिकती.

"काकू, उपटायला मानसं कुठून आणू?" तो म्हणाला. "तुमी उपटणार का?"

"तू तर तुझ्या आईवानीच बोलायलास," मी म्हणाले. मग तो हसला, पण मान हलवली नाही. दुकानात मिळतं ते बुटकं वाण, त्याचा कडबा कोपीलाही पुरत नाही, असलं पेरून काय करायचं, म्हणाला. बोलण्यात तथ्य होतं. जुनं उंच बी आमच्याकडं कुठं उरलं होतं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

नीलम्मा चहा पीत ऐकत होती. कप खाली ठेवून म्हणाली, "अत्तींचं बी हाय की आमच्याकडं." अत्ती म्हणजे तुम्ही.

अक्का, तुम्ही पंचमीला माहेरी जाताना पदराच्या गाठीत काय बांधून नेत होतात? आम्ही सगळ्या चेष्टा करायचो. भावाला कुणी साडीचोळी मागतं, आमची अक्का भावाला कणसं देते! पाच कणसं, निवडून ठेवलेली, तुळईला टांगलेली. सोयाबीन आल्यावर थांबलं असेल असं मला वाटलं. नीलम्मा म्हणाली, घरचं नव्हतं तेव्हा अत्ती बाजारात शोधून, उंच ताटाचीच बघून आणायच्या. आणि बजावायच्या, "पेरा न्हाईतर टांगून ठेवा. पन फेकू नका." तिच्या सासऱ्यानं, तुमच्या भावानं, दरसाल रानाच्या कडेला चार तास पेरून ते बी जितं ठेवलंय. हुरड्यापुरतं.

मला एका शब्दानं सांगायचं होतं की! एवढ्या वर्षांची जाऊ मी तुमची. का तुम्हालाच लाज वाटली, आपणच घालवली आणि आपणच जपायला निघालो म्हणून? लाज कसली त्यात? हात दुखले म्हणून सोडली, मन दुखलं म्हणून जपली. दोन्ही बायकांनाच कळतं.

नीलम्मानं पुढच्या आठवड्यात बी पाठवलं, तुमच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून. महादेवनं ती गाठ सोडली आणि बराच वेळ तुकडाच हातात धरून बसला. पेरणीला मी गेले तर काय बघते, ज्वारीच्या काही तासांमागं एक तास करडईचा, मध्ये कुठं जवस. असं पूर्वी भावजी पेरायचे. एक पीक रुसलं तर दुसरं घर चालवतं आणि कडेच्या करडईच्या काट्यांना भिऊन जनावर आत शिरत नाही. मी म्हणाले, तुला बरं आठवलं! तर म्हणतो, "आई शेजारीच हाय. चुकीचं पेरलं तर बोलल की."

पण पेर उशिरा झाली अक्का. चिखल सुकून वाफसाच आला नाही लवकर. दिवाळीचे दिवे विझले आणि मग तिफण निघाली. ज्वारी थंडीवर पोसते, दवावर वाढते, हे तुम्हीच शिकवलं. या वर्षी थंडीलाही कुणीतरी रस्ता चुकवलाय. चार दिवस येते, चार दिवस आभाळ भरून येतं. ढगाळ राहिलं की पानांवर चिकटा पडतो, म्हणून मी सकाळी उठून आधी आभाळ बघते, मग तोंड धुते.

आज सकाळी पट्टीत जाऊन आले. ज्वारी गुडघ्याच्या जरा वर आहे. पोटरीचा पत्ता नाही. एकेका ताटाला हात लावून बघितलं, पानं उलगडून बघितली. काहीच हाताला लागलं नाही. शेजारच्या बाया म्हणतात, एवढुशा पिकाची कुठं ओटी भरतात? पोट तर दिसू दे. आणि उद्या पुन्हा आभाळ आलं, चिकट्यानं खाल्लं, तर भरलेली ओटी वाया जाईल. रानाची थट्टा केल्यासारखं होईल. मलाही घरी येईपर्यंत तसंच वाटत होतं.

तुम्हाला विचारायला म्हणून हे पत्र घेतलं. आणि लिहिता लिहिता माझ्याच हातानं तुमचं उत्तर वर लिहिलं गेलंय, बघा. पोट दिसंना का.

माझंही पोट कुठं दिसत होतं त्या दिवशी? माझं टिकेल का नाही हे तरी कुणाला ठाऊक होतं? तुम्ही वाट नाही बघितली. पदरात गहू टाकून मोकळ्या झालात.

तर अक्का, उद्या मी खुंटीवरचा खण काढतेय. कोपी पाइपांचीच असेल, त्याला इलाज नाही. पण पाच ताटं नीलम्मानं दुबलगुंडीहून आणलीत, तुमच्या बियाची, तिकडं आधी पेरलेली, माझ्या डोक्याच्याही वर जाणारी. मी तुमची ओटी भरेन, म्हणजे पट्टीची. आता त्यात वेगळं काय राहिलंय? आणि हाक मोठ्यानं देईन. उलट हाक आली तर आली.

वचन एवढंच देते. उगवलेल्यातलं जे वाचेल त्यातली पाच कणसं आधी तुळईला जातील, मग घरात दाणा शिजेल. पंचमीला ती माझ्या पदरात दुबलगुंडीला जातील. ज्वारी उपटायची वेळ येईल तेव्हा महादेवनं माणसं नाही आणली, तर पहिला तास मी धरीन. हात सोलले तर सोलले. रात्री तेल-हळद लावायला तुम्ही नसाल, तेवढं मात्र अवघड जाईल.

तुमची धाकटी,
गिरजा