सोंडेचा जॉइंट

अण्णा, काल मी अगदी तुमच्यासारखी वागले, आणि त्याचा मला मुळीच अभिमान वाटत नाहीये.

तुमचा नातू आता चोवीस वर्षांचा झाला. कॉव्हेंट्रीबाहेर मित्राच्या शेतावर तो सुट्टीच्या दिवशी मेंढ्यांना चारा घालायला जातो. त्यासाठी त्याने एक जुनी क्वाड बाइक घेतली आहे, चार जाड चाकांची, चिखलातून कुठेही जाणारी. गेल्या हिवाळ्यात नदी शेतात शिरली, इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं आणि गाडी मधोमध बंद पडली. हा मांडीभर गार पाण्यातून चालत परत आला. म्हणून यंदा त्याने हवा ओढायचं तोंडच हँडलच्या उंचीवर न्यायचं ठरवलं. इथे त्याला स्नॉर्कल म्हणतात, तुम्ही सोंड म्हणायचात. विकत मिळते, पण ह्याला घरीच करायची होती. सिंकखाली असतो तो काळा पाइप, तो वळवायला दोन-चार कोपरे, क्लिपा आणि सिलिकॉन. एक सोंड इंजिनाला आणि दोन बेल्टच्या पेटीला, कारण तीसुद्धा हवा खाते म्हणे. हे सगळं तो व्हिडिओ बघून शिकला होता, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्याकडूनच आलाय. इथे मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्याच्या कामावर पगारी संशय घेते. घरीही दुधावरची तारीख दोनदा वाचते, आणि सुतार काम करून गेला की त्याचे स्क्रू पुन्हा पिळून बघते. परवा संध्याकाळी मुलाने सगळे जॉइंट लावले आणि मला बजावलं की चोवीस तास हात लावायचा नाही, सेट व्हायला वेळ लागतो. हे सांगताना तो शिट्टी वाजवत होता. शिट्टी वाजवत केलेल्या कामावर तुमचा कधी विश्वास बसला नाही. विश्वास पानिपतात गेला, असं तुम्ही गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचात. काल सकाळी तो क्लिपा आणायला बाहेर पडला आणि मी गराजमध्ये शिरले. इंजिनाजवळचा कोपरा हलवून बघितला, हलला नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण वाटलं, वरून घट्ट आणि आतून कोरडा असला तर? पिळून ओढून काढला. आत सिलिकॉनचं कडं चारी बाजूंनी सारखं भरलेलं, केस जाईल एवढीही फट नाही. पाइपाची कडसुद्धा त्याने कानशीने घासून घेतली होती. अर्धवट वाळलेलं सिलिकॉन एकदा फाटलं की पुन्हा धरत नाही, हे मला कळायला हवं होतं. मी घाईघाईने कोपरा परत दाबला, वरून थोडं सिलिकॉन फिरवलं आणि चहा टाकायला गेले.

आज दुपारी त्याने इंजिन चालू केलं आणि सोंडेच्या तोंडावर तळहात दाबला. ही परीक्षा तुमची, मीच त्याला शिकवलेली. तोंड बंद केलं की इंजिन गुदमरून बंद पडलंच पाहिजे. चालत राहिलं तर ते कुठून तरी चोरून हवा घेतंय, आणि जिथून हवा घेतं तिथूनच उद्या पाणी घेणार. इंजिन जरा अडखळलं आणि चालत राहिलं. त्याने पुन्हा हात दाबला, पुन्हा तेच. मग ओला हात एकेका जॉइंटजवळ धरत तो बरोबर त्या कोपऱ्यापाशी येऊन थांबला.

"माझा चुकी आहे, आई," तो त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला. "I rushed it."

मग त्याने क्लिपा सोडवून तिन्ही पाइप काढले आणि भिंतीशी उभे केले. म्हणाला, उद्या गराजवाल्यालाच फोन करतो, हे आपल्याला जमण्यातलं नाही. अजिबात न चिडता म्हणाला, आणि त्या न चिडण्याचीच मला भीती वाटली.

मला तुमचं मिरजेचं वर्कशॉप आठवलं. मी एकोणीस वर्षांची आहे. नदीकाठच्या पंपाच्या इंजिनाला सोंड लावायची आहे आणि तुम्ही पहिल्यांदाच जॉइंट मला करू दिला आहे. मी सूत गुंडाळते, फट बुजवायला वरून पांढरा सफेदा लावते, दोनदा तपासते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर तुम्ही तोंडावर तळहात दाबता आणि इंजिन चालत राहतं. "मला संशय होताच," तुम्ही म्हणता. "हे हाताचं काम आहे, वहीतलं नाही." त्या दिवशी जेवताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आमटीत मीठ कमी आहे एवढंच आईला म्हणालात. त्यानंतर मी पाना हातात घेतला नाही, कॉम्प्युटरकडे वळले.

पण अण्णा, तळहात दाबलेल्या त्या हाताचं एक मला तेव्हाही दिसलं होतं. तुमच्या अंगठ्याच्या नखात ओला सफेदा होता. आदल्या दिवशी तुम्ही त्या जॉइंटला बोटही लावलं नव्हतं, आणि दुकानात सफेद्याचं दुसरं काम नव्हतं. इतकी वर्षं मी त्या नखाचा विचार केला नाही. आज माझ्या नखात काळं सिलिकॉन होतं आणि मुलगा बोलत असताना मी अंगठा मुठीत लपवला. चोराच्या मनात चांदणं. मी इकडे यायला निघाले तेव्हा तुम्ही रुमालात गुंडाळून तुमचं फिलर गेज, ती फटी मोजायची पातळ पाती, दिलंत, "राहू दे जवळ" म्हणालात. मी ते भेट समजून ठेवलं. ती माफी होती का? की मी तुमच्यावरही उगाच संशय घेतेय? तुम्ही असतात तरी सांगितलं नसतंत.

मला त्याला एकच वाक्य सांगायचंय. तुझा जॉइंट बरोबर होता, मी उघडला. तुम्हाला ते जमलं नाही म्हणून मला तुमचा राग येतोय, आणि मी इथे बसून कागद भरतेय.

आत्ताच तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. काय लिहितेस, विचारलं. आजोबांना पत्र, मी म्हटलं. तो हसला. "त्यांना सांग, मी त्यांचा टेस्टमध्ये फेल झालो."

पान त्याच्यासमोर उघडं होतं, वरचं ते वाक्यसुद्धा. मी ते झाकलं नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.