सेथच्या ऐवजी

सडबरी, ता. ११ मे १७८१

ती. मेहिटाताईस धाकटा भाऊ एलिहू याचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. मका पेरून झाला. चिरंजीवांचं, सेथचं, लग्न ठरतंय. माझा गुलाम जुबा पलटणीतून सुटून थेट सेलेमला तुझ्या दारी आला आणि तू त्याला ठेवून घेतलंस, असं कानावर आलं. तीन वर्षं तो सेथच्या ऐवजी लढला, हे मी नाकारत नाही. पण औत सुटलं की बैलानं गोठ्यात यायला हवं. आता मी मोकळा, असं तो म्हणतो म्हणे! हे खूळ त्याच्या डोक्यात कुणी भरलं, देव जाणे. त्याला लगेच पाठवून दे, नाहीतर मला कोर्टाची पायरी चढावी लागेल. त्याची बायको व्हायोलेट अजून माझ्याच स्वयंपाकघरात आहे, याची त्याला आठवण दे.

इंग्लंडच्या राजाचं जोखड फेकायला आम्ही रक्त सांडतोय. अशा वेळी घरात फितुरी नको. लोभ आहे तो उणा होऊ देऊ नये.

एलिहू

सेलेम, ता. १९ मे

चि. एलिहू यास आशीर्वाद, उरलेत तेवढे.

खूळ कुणी भरलं म्हणून विचारतोस? तूच की! चहावरच्या करापायी 'आम्ही गुलाम झालो हो' म्हणून तू जेवताना गळा काढायचास, तेव्हा तुझ्यामागे ताटं उचलायला कोण उभा असायचा? गेल्या साली आपल्या राज्याच्या घटनेत 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' हे कलम आलं. गावच्या सभेत पहिला हात तुझा. घरी येऊन तेच कलम तू मोठ्यानं वाचलंस, व्हायोलेटकडून बूट काढून घेत घेत. आणि रक्त कुणाचं रे सांडलं? जुबाची दोन बोटं गेली. तुझं सांडलं असेल ते दाढी करताना.

खुशाल जा कोर्टात. फक्त एक विसरू नकोस. सेथला पलटणीचं बोलावणं आलं, तेव्हा त्याच्या बदली म्हणून गुलाम चालणार नाही, मोकळा माणूस हवा, असं कॅप्टननं बजावलं होतं. तू बायबलवर हात ठेवून सांगितलंस, हा मोकळाच आहे. सेथसाठी विणलेले मोजे घेऊन मी तिथेच उभी होते. कोर्टात जुबा गुलाम ठरला, तर त्याची भरती खोटी ठरेल आणि सेथची तीन वर्षं अजून बाकी राहतील. लढाई काही संपलेली नाही. मोजे मी जपून ठेवलेत.

उत्तर दे. लोभाचं त्यानंतर बघू.

मेहिटा

सडबरी, ता. २ जून

ती. ताईस सा. न.

तुझा थट्टेखोर स्वभाव काही जायचा नाही. मी जुबाला परत मागितलंच नव्हतं, नुसती चौकशी केली. स्वातंत्र्याच्या तत्त्वाखातर मी त्याला स्वेच्छेनं मुक्त करत आहे. चार जुलैला प्रार्थनामंदिरात माझं भाषण आहे, त्यात तसं जाहीर करीन. ऐकून पाद्रीबाबांच्या डोळ्यांत आत्ताच पाणी आलं. व्हायोलेटचं मात्र काढू नकोस. लग्नघर आहे, चुलीपाशी माणूस लागतं.

आता तरी लोभ पूर्ववत व्हावा.

एलिहू

सेलेम, ता. १० जून

चि. एलिहू,

तुझं पत्र जुबाला वाचून दाखवलं. 'स्वेच्छेनं' ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग व्हायोलेटबद्दलचं वाक्य त्यानं मला पुन्हा वाचायला लावलं, आणि उठून तो गाडीच्या चाकांना वंगण घालायला गेला. मला तुझी लाज वाटली, हे स्पष्टच लिहिते.

भाषण जरूर दे. आम्ही दोघं माझी गाडी घेऊन येतोय. जुबा पलटणीचा कोट घालून दाराशी उभा असेल. व्हायोलेट नेहमीसारखी वर माळ्यावर, काळ्यांच्या बाकावर बसेल. तिला निरोप पोचलाय. 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र' हे तुझ्या तोंडून निघालं की ती उठेल, जिना उतरेल आणि सगळ्या गावादेखत दाराबाहेर पडेल.

तिला अडवायचं असेल, तर वाक्य तिथेच तोडून अडव.

तुझी बहीण, अजून तरी,
मेहिटा